सासूबाईंसकट ट्रक

ओलेटाबाई ब्रँडीन चर्चमधून घरी आल्या आणि डोक्यावरची टोपी काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "यंदा जत्रेत मी त्या घडीच्या कॅम्परात झोपणार नाही. माझी कंबर म्हणजे काय छत्री आहे, रात्री मिटायची आणि सकाळी उघडायची?"

त्यांचा जावई व्हर्लिन स्टूर त्या वेळी बटाटे सोलत होता. सोलता सोलता सहज बोलून गेला, "मग आई, यंदा हॉटेलात खोली घ्यायची का?"

व्हर्लिनची बायको डार्लिस ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्याकडे बघतच राहिली.

"हॉटेलात?" ओलेटाबाई म्हणाल्या. "जत्रेला हॉटेलात उतरतात ते गाणारे आणि पुढारी. आपण काय तिकीट काढून आलेले पाहुणे आहोत?"

आता त्या जागेबद्दल आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. काउंटीच्या जत्रेचं मैदान, त्याच्या मागे कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, लावायचा माळ, त्या माळावर अक्रोडाचं एकच झाड, आणि झाडाखाली एकच जागा. दुपारभर सावली, पाण्याचा नळ हाताशी, लिंबू सरबताची टपरी हाकेच्या अंतरावर, आणि डुकरांच्या गोठ्याचा वास वाऱ्यावर बसून दुसऱ्यांच्या घरी जातो. ही जागा ओलेटाबाईंच्या सासऱ्यांपासून ब्रँडीन घराण्याकडे. नेब्रास्कातली माणसं शेत विकतील, घर विकतील, एखादा मुलगा कॅलिफोर्नियाला गेला तर त्यालाही मनातून काढून टाकतील, पण जत्रेतली जागा सोडणार नाहीत. नियम एकच. पहिल्या दिवशी बाराचा भोंगा होईपर्यंत तुमचा कॅम्पर जागेवर उभा पाहिजे. नसला तर जागा पुढच्या नंबरवाल्याची, कायमची.

आणि पुढचा नंबरवाला होता शेजारचा रॉयस टेबे. मुलगी पाळण्यात होती तेव्हा त्याने नंबर लावला होता. आता त्या मुलीची मुलगी जत्रेतल्या जनावरांच्या स्पर्धेला बोकड घेऊन येते. तसा माणूस लाखातला. हिवाळ्यात व्हर्लिनच्या दारातलं बर्फ न सांगता उपसणार, टोमॅटो पिकले की पिशवी दाराला अडकवून जाणार, आणि दर जुलै महिन्यात कुंपणावरून विचारणार, "काय म्हणते ओलेटाबाईंची तब्येत?" हे तो इतक्या मायेने विचारायचा, की त्या दिवशी ओलेटाबाई मुद्दाम त्याच्या खिडकीसमोरून दोन फेऱ्या जास्त मारायच्या.

तर पुढच्या आठवड्यात ओलेटाबाईंनी कोणाला न विचारता एका ओळखीच्या बाईकडून भलामोठा कॅम्पर विकत घेतला. त्या बाई ऍरिझोनाला मुलाकडे निघाल्या होत्या आणि त्यांना घाई होती. कॅम्पर कसला, चाकांवरचा बंगला. बटण दाबलं की अख्खी भिंत बाहेर सरकून खोली मोठी व्हायची. आत सोफा होता, झुंबर होतं आणि एक शेकोटीही होती. जत्रा ऑगस्टमधली. याचं नाक उंच पुढे आलेलं, आणि ते नाक पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात मधोमध टेकवायचं. म्हणजे हा कॅम्पर ट्रकच्या मागून निमूट चालणारा नव्हे. हा ट्रकच्या उरावर बसून प्रवास करणारा.

आणि व्हर्लिनकडे ट्रक नव्हता. त्याच्याकडे होती एक खाकी रंगाची छोटी मोटार. व्हर्लिन शाळेत ड्रायव्हिंग शिकवायचा. गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी त्यानेच शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांना रस्त्यात बघून तो मान हलवायचा. कोपऱ्यावर कुत्रंही नसलं तरी पूर्ण थांबून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघणारा हा माणूस. अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदा ट्रक घ्यायचा होता, ही बातमी गावात दुपारच्या जेवणाआधी पोचली.

सकाळी कॅफेत जे टेबल भरतं तिथे त्याला खुर्ची ओढून बसवण्यात आलं. सल्ला देणारा प्रत्येकजण आधी म्हणायचा, "मी कोण सांगणारा," आणि मग कॉफी थंड होईपर्यंत सांगायचा. एकाने सांगितलं, डिझेलच घे. दुसरा म्हणाला, डिझेल घेतलंस तर मेलास. तिसऱ्याने सांगितलं की त्याच्या मेहुण्याने पांढरा ट्रक घेतला आणि वर्षभरात त्याची बायको सोडून गेली. ट्रकचा आणि बायकोचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती, कारण तो मेहुणा पलीकडच्याच टेबलावर ऑम्लेट खात बसला होता.

पण खरी अडचण वेगळीच. त्या मुलखात ट्रक दोनच प्रकारचे असतात, ब्रॅडॉक आणि टॅलमन, आणि माणसंही दोनच प्रकारची असतात. ब्रॅडॉकवाल्यांच्या घरातली मुलगी टॅलमनवाल्यांच्या घरात गेली तर लग्नात जेवण होतं, पण हसणं जरा बेताचंच. ओलेटाबाईंचं घराणं कट्टर ब्रॅडॉक. त्यांच्या यजमानांच्या थडग्यावरसुद्धा नांगर नाही, मक्याचं कणीस नाही, ब्रॅडॉक ट्रक कोरलाय, हेडलाइटसकट.

त्याच संध्याकाळी रॉयस कुंपणापाशी आला. हातात टोमॅटोची पिशवी.

"व्हर्लिन, खरं सांगू? राग नको मानूस."

"सांग की."

"तुझ्या त्या कॅम्परला मागे जोड चाकांचा ट्रकच पाहिजे. एकेका बाजूला दोन-दोन चाकं. साध्या ट्रकचं ते काम नाही. आणि असा ट्रक आत्ता गावात विकायला एकच आहे, तोही टॅलमन. तू म्हणालास तर उद्या तुझ्याबरोबर येतो."

व्हर्लिनने पिशवी घेतली, आभार मानले, आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. "डार्लिस, रॉयस म्हणतो जोड चाकांचा टॅलमन घे."

"रॉयस म्हणतो?" डार्लिसने भुवई उचलली. "मग तो सोडून काहीही घे."

आता गंमत बघा. रॉयसचा सल्ला शंभर टक्के खरा होता. पण ज्याचा आपल्या जागेवर डोळा आहे त्याचं ऐकायचं कसं? रॉयसला हे कळत नव्हतं असं नाही. खोटं बोलून कोणीही कोणालाही खड्ड्यात घालेल. खरं सांगून घालायला वेगळं डोकं लागतं.

व्हर्लिन मात्र मनापासून अभ्यासाला लागला. तीन रात्री स्वयंपाकघरात बसून त्याने एक गोष्ट शोधून काढली, की ट्रक किती ओढतो हे वेगळं आणि अंगावर किती वाहतो हे वेगळं. लग्न झालेल्या माणसाला हे तीन रात्री बसून शोधावं लागू नये, पण असो. जाहिरातीत लिहितात ते ओढायचं. वाहायचा आकडा असतो दाराच्या आतल्या पट्टीवर, बारीक अक्षरात. त्यात कॅम्परच्या नाकाचं वजन आलं, सामान आलं, आणि आत बसलेली माणसंही आली.

माणसं म्हणजे तो स्वतः, डार्लिस आणि ओलेटाबाई. म्हणजे आता सासूबाईंना त्यांचं वजन विचारणं आलं.

व्हर्लिन दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आला. दुसऱ्यांदा त्यांनी आतून विचारलं, "काय रे, काय हवंय?" तर हा म्हणाला, "काही नाही आई, दाराची बिजागरी बघत होतो." मग प्रामाणिकपणे तासभर बिजागरीला तेल घालत बसला. शेवटी त्याला एक सभ्य मार्ग सुचला. त्या राज्यात ड्रायव्हिंग लायसन्सवर माणसाचं वजन छापलेलं असतं. सरकारी कागद, सरकारी शिक्का. नियमांवर श्रद्धा असलेल्या माणसाला आणखी काय हवं? त्याने तिघांची लायसन्सं काढली, तिन्ही वजनांची बेरीज केली, आणि ती साध्या चाकांच्या ब्रॅडॉकमध्ये अगदी जेमतेम बसली.

लायसन्सवर आपलं खरं वजन सांगणारा माणूस त्या काउंटीत अजून जन्माला यायचाय, हे व्हर्लिनच्या लक्षात आलं नाही. त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर तो कॉलेजात कुस्ती खेळायचा तेव्हाचं वजन होतं, हेही नाही.

खाकी मोटार देऊन टाकली आणि निळा ब्रॅडॉक दारात आला. ओलेटाबाईंनी त्याच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि डोळे टिपले. मग त्यात चढायला गेल्या, तर पायरी त्यांच्या गुडघ्याच्याही वर. दुधाच्या बाटल्यांचा प्लॅस्टिकचा खोका पायाखाली ठेवून, डार्लिसने वरून ओढून आणि व्हर्लिनने खालून काय करावं ते न कळून, त्या एकदाच्या आत पोचल्या. तेव्हापासून तो खोका ट्रकचाच भाग झाला.

ट्रक गॅरेजमध्ये शिरेना. शिरला तेवढा शिरला, उरलेला फुटपाथवर. फुटपाथ अडवला म्हणून गावच्या कचेरीतून बोलावणं आलं. कचेरीत दोन खिडक्या. पहिल्या खिडकीतल्या बाईने कागद वाचून सांगितलं, "नंबरप्लेटचं काम आधी करा. ते शेजारच्या खिडकीवर." व्हर्लिन शेजारच्या खिडकीवर गेला. तीच बाई उठून तिकडे आली, चष्मा बदलून बसली आणि म्हणाली, "बोला, काय काम आहे?" व्हर्लिनने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फुटपाथचं मिटल्याशिवाय मला प्लेट देता येत नाही. त्या खिडकीवर विचारा." हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी बाईच दमली आणि तिने दोन्ही शिक्के एकाच खिडकीतून मारले. त्याबद्दल तिला वरून बोलणी खावी लागली असं ऐकतो.

बँकेत तर इज्जतच गेली. गाडीतून न उतरता पैसे काढायची जी गल्ली असते, तिच्यात व्हर्लिन सवयीने शिरला. पण कॅम्पर ओढणाऱ्या ट्रकचे आरसे हत्तीच्या कानासारखे बाहेर आलेले असतात, हे त्याच्या सवयीला माहीत नव्हतं. दोन खांबांच्या मध्ये दोन आरसे, आणि ट्रक बुचासारखा गच्च. मागे सहा गाड्या. सहाही गाड्यांत त्याचेच विद्यार्थी. कोणी हॉर्न वाजवला नाही, कारण उगाच हॉर्न वाजवू नये हे त्यानेच शिकवलं होतं. सगळे फक्त बघत होते. खिडकीतल्या मुलीने, लहान मुलांना देतात तसा, त्याला पैसे पाठवायच्या नळीतून एक लॉलीपॉप पाठवला.

"सर, हिरवा चालेल ना?" तिने माइकवरून विचारलं. तीही विद्यार्थिनीच.

कॅम्पर मागे घ्यायचा सराव त्याने शाळेच्या मैदानात केला. उजवीकडे न्यायचा तर स्टीअरिंगचं चाक डावीकडे फिरवायचं, एवढंच ते. व्हर्लिनने ते फळ्यावर आकृती काढून स्वतःला समजावलं. मग प्रत्यक्षात सरावासाठी मांडलेले एकूण एक शंकू आडवे केले, आणि शेवटी "सावकाश चालवा" अशी पाटी होती, तीही.

जत्रेचा दिवस उजाडला. सामान भरलं. सामान म्हणजे मुरंब्याच्या बरण्या, बिडाच्या कढया, रजया आणि चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या झणझणीत रश्शाचा, मोठा हंडा. चिलीबरोबर खायला दालचिनीचे रोल दोन पराती भरून. पाण्याची टाकी काठोकाठ. तिघं बसली, आणि ट्रकने तोंड असं वर केलं जणू त्याला आकाशात कोणी हाक मारली. मागचं बूड जमिनीला टेकायला आलं.

"व्हर्लिन," डार्लिस म्हणाली, "मला समोर रस्ता दिसत नाहीये. ढग दिसतायत."

दुसरा कोणी असता तर तसाच रेटून गेला असता. पण गावभर नियम शिकवणारा माणूस. तो म्हणाला, "सोसायटीच्या काट्यावर एकदा वजन करून घेऊ. दोन मिनिटांचं काम."

सोसायटीचा काटा म्हणजे मक्याचे ट्रक तोलायचा वजनकाटा. नवं पीक यायच्या आधी कोठारं रिकामी करायचे दिवस, त्यामुळे शेतकऱ्यांची रांग लागलेली. काट्यावर नॉर्बर्ट नावाचा माणूस. तो वर काचेच्या खोलीत बसतो आणि लाऊडस्पीकरवर बोलतो. वजनाचा आकडा बाहेर मोठ्या पाटीवर लाल दिव्यांनी उमटतो, कोणाला शंका राहू नये म्हणून. रस्त्यापलीकडच्या सलूनमधूनही दिसतो.

व्हर्लिनने ट्रक काट्यावर घेतला. कॅम्परचं नाक ट्रकवर, कॅम्परची चाकं काट्याबाहेर.

"व्हर्लिन!" लाऊडस्पीकर गरजला. "दाराच्या पट्टीवर ट्रकसकट एकूण वजन किती लिहिलंय?"

व्हर्लिनने वाचलं. लाल आकडा त्याच्या बराच वर होता. रांगेतले लोक आपापल्या ट्रकातून खाली उतरले. सकाळपासून त्यांचीही काही करमणूक झालेली नव्हती.

"पाणी सोड!" नॉर्बर्टने हुकूम केला.

पाणी सोडलं. सोसायटीच्या आवारात ओढा वाहू लागला आणि शेतकऱ्यांनी एकेक बूट उचलला. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. मग मुरंबे उतरवले. मग रजया. कढयांपाशी ओलेटाबाई अडून बसल्या. "ती कढई माझ्या आईची आहे. ती उतरली तर मीही उतरले."

क्षणभर व्हर्लिनच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि मग त्याने ते विझवलं.

"हिशेब केला नव्हतास का रे?" वरून प्रश्न आला.

"केला होता! लायसन्सवरची वजनं घेऊन केला होता."

लाऊडस्पीकरमधून हळूच आवाज आला, "लायसन्सवरची? व्हर्लिन, माझ्या लायसन्सवर तर माझ्या डोक्यावर केससुद्धा आहेत."

रांगेत हशा पिकला. डार्लिस रागारागाने खाली उतरली. आकडा थोडा हलला आणि तिथेच थांबला. "बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्यामुळे नाही." आता सगळ्या माना ओलेटाबाईंकडे वळल्या. त्या हाताची घडी घालून सरळ समोर बघत होत्या.

"मी मका नाही," त्या म्हणाल्या. "मी काट्यावर उतरत नाही."

"आई, एक मिनिटभर..." व्हर्लिन खाली उतरून त्यांच्या दाराकडे निघाला, आणि मागून ओरडा झाला. टोप्या उडाल्या. त्याने वळून पाटीकडे बघितलं. आकडा सरकन खाली आला होता, पट्टीवरच्या आकड्याच्याही बराच खाली.

"परत चढ बघू!" नॉर्बर्ट म्हणाला. व्हर्लिन चढला. आकडा वर. "उतर!" उतरला. आकडा खाली. तिसऱ्यांदा चढवण्याचं कारण फक्त नॉर्बर्टची हौस, दुसरं काही नाही. व्हर्लिनचं खरं वजन किती, हे मी इथे सांगत नाही. ज्यांना हवंय त्यांनी त्या गावच्या कॅफेत विचारावं. तिथे लहान पोरांनाही पाठ आहे.

"डार्लिस, बस आत," ओलेटाबाई म्हणाल्या आणि स्वतः सरकून चाकामागे आल्या. "बाराच्या आत पोचायचंय."

"आई! तुम्ही चालवणार?"

"तुझे सासरे कापणीच्या यंत्रावर असायचे तेव्हा याच काट्यावर मक्याचे ट्रक कोण आणत होतं? चर्चचा पाद्री?"

"पण हे वेगळं आहे. कॅम्पर मागे घेताना चाक उलटं..."

"व्हर्लिन," त्या मायेने म्हणाल्या, "ती पाटी अजून आडवीच पडलीय ना रे मैदानात?"

आणि रांगेत मागे कोण उभा? रॉयस टेबे. जोड चाकांचा लाल टॅलमन, मागे त्याचा कॅम्पर, जत्रेच्या तयारीने. काट्यावर त्याचं काय काम होतं हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"अरे व्हर्लिन, बस की माझ्याकडे," रॉयस म्हणाला. "माझ्या ट्रकला कितीही माणसं चालतात. मुरंबेही टाक मागे. मला एक जवळचा रस्ता माहीत आहे, आपण त्यांच्या आधी पोचू."

त्यांच्या आधी! म्हणजे हा जाऊन अक्रोडाखाली इंजिन चालू ठेवून उभा राहणार आणि भोंग्याची वाट बघणार. व्हर्लिनला सगळं दिसत होतं. पण त्या मुलखात शेजाऱ्याने लिफ्ट दिली तर नाही म्हणायची पद्धत नाही. तो टॅलमनमध्ये चढला. ओलेटाबाईंनी तेवढ्यात तोंड फिरवून घेतलं. लेकीच्या नवऱ्याला त्या अवस्थेत बघवलं नसावं.

निळा ब्रॅडॉक धुरळा उडवत निघून गेला. रॉयसने गाडी कच्च्या रस्त्याला लावली आणि वेग घेतला. पहिलं वळण आलं आणि व्हर्लिनचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, त्याची सवय. रॉयसने चमकून त्या पायाकडे बघितलं आणि गाडी हळू केली.

"काय झालं? काही आडवं आलं का?"

"नाही, नाही. तू चालव."

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पाय दाबला, रॉयस दचकला, गाडी हळू. तिसऱ्या वळणावर व्हर्लिनच्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यात कधी नियमाबाहेर पाऊल न टाकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की ते बघायला मी तिथे असायला हवा होतो. वळण नसतानाही त्याने पाय दाबला. वर तोंडाने बारीक "स्स्स" केलं.

"काय?" रॉयस घाबरला.

"काही नाही. छान चालवतोस तू." आणि खिशातून पेन काढून त्याने हाताच्या तळव्यावर एक बारीक फुली मारली.

"हे काय लिहिलंस?"

"सवय रे. तू लक्ष देऊ नकोस."

ज्याच्या शेजारी ड्रायव्हिंगचा मास्तर तळव्यावर फुल्या मारत बसलाय, तो माणूस पन्नाशी उलटली तरी सोळा वर्षांचा होतो. रॉयसने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. रेल्वेच्या रुळांपाशी पूर्ण थांबला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघितलं. गाडी येत नव्हती. त्या रुळांवरून कित्येक वर्षांत गाडी गेलेलीच नाही. "शाब्बास," व्हर्लिन म्हणाला, आणि रॉयसला नकळत बरं वाटलं. शेवटी शेवटी तर एक ट्रॅक्टरवाला त्यांना मागे टाकून पुढे गेला आणि जाताना त्याने सहानुभूतीने हात हलवला.

जत्रेच्या माळावर पोचले तेव्हा बाराला काही मिनिटं होती. अख्खा माळ घडीच्या खुर्च्या टाकून बसला होता. दुसरा कोणी कॅम्पर मागे घेत असताना खुर्ची टाकून बघत बसणं, ही त्या जत्रेतली खरी जत्रा. बाकीचं, डुकरं, बोकड, गाणी, ते बाहेरच्यांसाठी.

ओलेटाबाईंचा कॅम्पर अर्धा जागेवर आणि अर्धा रस्त्यावर होता. बुंधा एका बाजूला, नळ दुसऱ्या बाजूला, मध्ये वीतभर वाव. आरशात झाड दिसत नव्हतं. डार्लिस मागे उभी राहून दोन्ही हात हवेत फिरवत होती आणि त्यातून डावीकडे की उजवीकडे हे तिलाही कळत नव्हतं. वर घामाने डोळे चुरचुरत होते.

रॉयस गाडीतून उतरला. ओलेटाबाईंनी खिडकीतून डोकं काढून माळभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"रॉयस! बरा आलास. मागे उभा राहा आणि मला हात दाखव!"

रॉयस जागच्या जागी थिजला. मागे उभा राहून हात दाखवायला सांगितलं तर तिथे कोणी नाही म्हणत नाही. वैऱ्यालाही नाही. आणि आता सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे बघत होत्या. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून ज्या जागेसाठी तो थांबला होता, त्या जागेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पाठीमागे अक्रोडाचा बुंधा, डोक्यावर ती सावली.

एक हात जरा चुकीचा हलला असता, तर कॅम्पर बुंध्यावर गेला असता आणि भोंगा होईपर्यंत तिथून सुटला नसता. कोणी काही म्हणूही शकलं नसतं. रॉयसने झाडाकडे बघितलं, नळाकडे बघितलं. मग त्याने दोन्ही हात वर केले.

"या," तो म्हणाला. "या... या... चाक जरा माझ्याकडे... सरळ करा... या... या..."

खोटा हात दाखवणं त्याच्या हातांनाच माहीत नव्हतं. इंचाइंचाने कॅम्पर मागे आला. बुंध्याला घासला नाही, नळाला टेकला नाही. रॉयसने तळवा उभा धरून "बस!" म्हटलं, आणि त्याच क्षणी गावातून बाराचा भोंगा वाजला. रॉयसचा हात तसाच वर राहिला. सगळा माळ टाळ्या वाजवत होता, आणि कोणासाठी वाजवत होता हे त्यालाही नीट ठरवता येत नव्हतं.

ओलेटाबाई खोक्यावर पाय देऊन खाली उतरल्या. रॉयसच्या हातात दालचिनीचा सगळ्यात मोठा रोल ठेवला. "तुझे हात फार छान आहेत रे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही तूच उभा राहा हं."

"बघू, तुमची तब्येत कशी आहे त्यावर," रॉयस म्हणाला आणि रोल खाल्ला.

ट्रकची किल्ली व्हर्लिनने मागितली. ओलेटाबाईंनी ती ब्लाउजच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

संध्याकाळी सगळे सावलीत बसून चिली खात असताना शेजारच्या काउंटीतला एक माणूस टोपी मागे सरकवत आला. निळ्या ब्रॅडॉकभोवती एक फेरी मारली, टायरवर लाथ मारून बघितली आणि व्हर्लिनला म्हणाला, "मीही असाच घ्यायचा म्हणतोय. घरात आम्ही तिघं आहोत. तुमचा अनुभव काय?"

"डोळे मिटून घ्या," व्हर्लिन म्हणाला. "ट्रक उत्तम आहे. फक्त तुमच्यातलं कोण शेजाऱ्याच्या गाडीतून येणार, तेवढं आधी घरात ठरवून घ्या."